रॉक ड्रमर मोठा कशानं ठरतो?

प्रश्न विचारणारा मुलगा कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका हौशी बँडमध्ये ड्रम्स वाजवतो, त्याआधी तबला शिकलेला आहे. तो म्हणतो : "सर, आमचा गिटारवाला सारखं ऐकवतो की खरे ड्रमर जॅझमध्ये, रॉकवाले नुसते बडवतात. जॅझ ड्रमर बडी रिचचे व्हिडिओ दाखवतो आणि विचारतो, ह्याच्यापुढं तुझा तो लेड झेपेलिन बँडचा बॉनहॅम कोण? मला उत्तर सुचत नाही. रॉक ड्रमर मोठा म्हणायचा तो नेमका कशामुळं?"

तुझ्या गिटारवाल्याचं अर्धं म्हणणं खरं आहे, ते आधी देऊन टाकू. नुसती हाताची तयारी बघायची तर जॅझवाले पुढं आहेत. बडी रिच हा दुडदुडत्या वयात स्टेजवर चढलेला माणूस. तो एका हातानं जो रोल वाजवायचा, तो भल्याभल्यांना दोन हातांनी जमत नाही. आणि विषय नुसत्या वेगाचाही नाही. जॅझमध्ये उजवा हात राइड झांजेवर लय धरतो, डावा पाय दुसऱ्या-चौथ्या मात्रेला हाय-हॅट (पायानं उघडझाप होणारी झांजांची जोडी) मिटतो, आणि डावा हात न् उजवा पाय मोकळे राहतात, सॅक्सोफोनवाला काय म्हणतोय त्यावर बोलायला. चार अवयवांची चार कामं, आणि कान सगळे समोरच्याकडं. हे अंगात मुरायला वर्षं जातात. रॉकमधल्या बऱ्याच नावाजलेल्या ड्रमरना ते कधीच आलं नाही.

पण म्हणून रॉकवाला खालचा, असं काही निघत नाही. दोघांकडून मागितलेली गोष्टच वेगळी आहे. जॅझवाल्याला विचारतात, आत्ता, ह्या क्षणाला तुला काय सुचलं? रॉकवाल्याला विचारतात, तू काय ठरवलंस, आणि ठरवलेलं शेवटपर्यंत धरलंस का? माझ्या लेखी सगळी मेख ह्या ठरवण्यात आहे. ठेका कुठला, आवाज कसला, दुसरी-चौथी मात्रा केसभर पुढं टाकायची की मागं, कुठं गप्प बसायचं. हे एकदा गाण्यासाठी ठरलं की चार मिनिटं ढळू द्यायचं नाही. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीतलं चार मिनिटांचं गाणं म्हणजे ४८० मात्रा, त्यात दुसऱ्या-चौथ्या मात्रेला स्नेअरवर (समोरच्या चपट्या, कडक आवाजाच्या ड्रमवर) पडणारे फटके, म्हणजे बॅकबीट, २४०. हे २४० फटके एकाच वजनाचे, एकाच जागी लागलेले, एकाच आवाजाचे हवेत. करून बघ. साठाव्या-सत्तराव्या फटक्याला मनगट सैल पडतं किंवा डोकं कंटाळतं, आणि हात आपोआप काहीतरी नक्षी काढायला लागतो.

तू तबला शिकलायस म्हणून तुला हे लवकर कळेल. आपल्याकडं लोक सरसकट धरून चालतात की जॅझ म्हणजे त्यांचं शास्त्रीय आणि रॉक म्हणजे त्यांची ढोलकी. मला ते नेमकं उलटं वाटतं. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात होते, देवल क्लब इथला. ख्याल ह्या गावाला नवा नाही. विलंबित तीनतालात तबलजी काय करतो? साधा ठेका धरून बसतो. स्वतंत्र वादनात कायदे-रेले गाजवणारा हात असला तरी गवयामागं तो आवरता घेतो, कारण गवयाला हवी असते डोळे मिटूनही हाताला लागेल अशी सम. रॉक ड्रमर ह्या तबलजीच्या पंगतीला बसतो. जॅझवाला बसतो लावणीतल्या ढोलकीवाल्याशेजारी : डोळा नाचणारीच्या पायावर, तिनं घुंगरांत एखादा बोल टाकला की ह्याचं उत्तर थापेत तयार, आणि उद्याच्या खेळात तेच उत्तर येईल याची खात्री नाही. ह्या दोघांत मोठा कोण, असं आपण विचारत नाही. संगतीला कोण हवा ते विचारतो.

आता थोडा इतिहास, कारण 'रॉक विरुद्ध जॅझ' ही भिंत मुळात नंतर उभी राहिली. १९४० च्या दशकात केनी क्लार्क ह्या जॅझ ड्रमरनं लय बास ड्रमवरून (पायानं वाजवायच्या मोठ्या ढोलावरून) उचलून राइड झांजेवर नेली. पाय मोकळा झाला, मध्येच एखादा ठोका टाकायला लागला, आणि आजचं जॅझ ड्रमिंग सुरू झालं. रॉकची वाट जवळपास त्याच वेळी फुटली आणि ती फोडणारा माणूसही जॅझवालाच होता. न्यू ऑर्लिन्सचा अर्ल पामर. १९४९ च्या डिसेंबरमध्ये फॅट्स डॉमिनोच्या 'द फॅट मॅन'च्या ध्वनिमुद्रणात त्यानं दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरचा जोरकस फटका गाणंभर चालू ठेवला. जुन्या न्यू ऑर्लिन्स जॅझमध्ये असा फटका शेवटच्या आवर्तनात, सगळे मिळून उधळतात तेव्हा यायचा. पामरनं तो शेवटचा मसाला पहिल्यापासून वाटला. पुढं लिटल रिचर्डबरोबर वाजवताना आणखी एक गोष्ट झाली. रिचर्डचा उजवा हात पियानोवर मात्रेचे सरळ दोन समान भाग ठोकायचा. ड्रमर मंडळी तोवर शफल वाजवत. म्हणजे मात्रेचे तीन भाग करायचे आणि मधला गाळायचा. पामर रिचर्डच्या हाताला जाऊन मिळाला, शफल सरळ झाला. रॉकचा ठेका म्हणतात तो हा.

म्हणजे पामरला जॅझ येत होतं म्हणून तो मोठा, एवढ्यावर थांबू नकोस. येत असलेल्यातलं काय टाकून द्यायचं हे त्याला कळलं. माझ्या मते रॉकमधल्या पहिल्या पिढीच्या बहुतेक थोर ड्रमरांची हीच गोष्ट आहे.

चार्ली वॉट्स घे. आयुष्यभर जॅझवर जीव. रोलिंग स्टोन्समध्ये तो १९६३ च्या सुरुवातीला आला आणि २०२१ साली वारला तोवर त्याच बँडचा ड्रमर होता. मधल्या काळात स्वतःचा जॅझ ऑर्केस्ट्रा काढला, जॅझ पंचकही काढलं. पण स्टोन्समध्ये बसला की सेट छोटा, वर एक टॉम, खाली एक फ्लोअर टॉम, बास्स. त्याचा उजवा हात बघ, फक्त उजवा. हाय-हॅटवर आठ ठोके चाललेत, आणि स्नेअरचा फटका आला की उजवा हात हाय-हॅटवरून उचलला जातो. तिथं हाय-हॅट वाजतच नाही. त्यामुळं बॅकबीटच्या क्षणी स्नेअर एकटा ऐकू येतो, भोवती झांजेची किसकिस नाही. आणि हात उचलून परत आणण्याच्या नादात पूर्ण ठेक्याला एक झुलती चाल येते. मुद्दाम केलं असेल, सवयीनं झालं असेल, पण तेवढ्या एका रिकाम्या जागेत स्टोन्सचा अर्धा आवाज आहे. हे उचलायला तुला पाच मिनिटं लागतील. असं काही तुला स्वतःचं सापडायला किती लागतील, ते तूच बघ.

जॉन बॉनहॅमबद्दल जरा जास्त बोलतो, कारण तुमचं भांडण त्याच्यावरून आहे. १९४८ चा जन्म, १९८० मध्ये गेला, वय अवघं ३२. लोक त्याला 'जोरात वाजवणारा' म्हणतात आणि तिथंच फसतात. त्याचा उजवा पाय ऐक. लेड झेपेलिनच्या १९६९ च्या पहिल्याच अल्बममधलं पहिलं गाणं, 'गुड टाइम्स बॅड टाइम्स', त्यात बास ड्रमवर जे तिश्र जातीतले ठोके जोडीनं येतात, ते ऐकून अनेकांनी दोन पेडल असतील असं धरलं. पेडल एक. आणि ती करामत तो मिरवत नाही. ठेक्याच्या पोटात, गिटारच्या मागं वाजून जाते. बास ड्रम २६ इंची. जॅझच्या छोट्या सेटला १८ इंची असतो, चढा मिळवलेला, बोलका. २६ इंची ढोलावर जोडठोके स्वच्छ काढायचे तर पायाला नुसती ताकद पुरत नाही, पान परत उसळतं त्या उसळीवर स्वार व्हावं लागतं.

आणि आवाज. १९७१ च्या चौथ्या अल्बममधलं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वाड्यात ध्वनिमुद्रित झालं. ड्रम्स खाली प्रवेशाच्या दालनात, जिन्याच्या तळाशी. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सनं दोन मायक्रोफोन वरच्या मजल्यावरून जिन्यात सोडले. ड्रमजवळ एकही माइक नाही, बास ड्रमलासुद्धा नाही. हे जमलं कसं, तर बॉनहॅमचा हातापायांचा तोल आतूनच बसलेला होता म्हणून. दूरच्या दोन माइकांनी सेट ऐकला की तुमची हाय-हॅट मोठी असेल तर ती मोठीच येणार, किक, म्हणजे बास ड्रमचा ठोका, दबकी असेल तर दबकीच. नंतर सुधारायला वेगळा ट्रॅक नाही. त्याची किक जाड, स्नेअर त्याच तोडीचा, झांजा दोघांच्या खाली. हा तोल त्याच्या अंगात होता, मिक्सरच्या बटणात नव्हता. तुझ्या गिटारवाल्याला सांग, बडी रिचसारखं एकल वादन बॉनहॅमला झेपलं नसतं, कबूल. पण जिन्यात दोन माइक सोडून असा आवाज मिळेल असे ड्रमर मोजायला बस म्हणावं, बोटं उरतील.

मी शिकवताना सगळ्यात जास्त भांडतो ते ह्या तोलावरून. आपल्या भागातली पोरं हलगी, ताशा, मंडळाचा ढोल वाजवत येतात. हात तगडे असतात, लयीची भूक असते, मिरवणुकीत पापाच्या तिकटीपासून महाद्वार रोडभर न थकता वाजवलेलं असतं. पण उघड्यावर, शंभर वाद्यांत, एकच आवाज शिकायला मिळतो : पूर्ण. सेटवर बसली की हाय-हॅटलाही तेवढाच दणका. छोट्या खोलीत मग फक्त झांज ऐकू येते, गाणारा ओरडायला लागतो, गिटारवाला आवाज चढवतो, आणि सगळे मिळून म्हणतात, ड्रमरमुळं होतंय. खरंच त्याच्यामुळं होत असतं. उपाय साधा आहे : उजवा हात आत्ता आहे त्याच्या अर्ध्या उंचीवरून मार, डाव्याची उंची आहे तेवढीच ठेव.

साधेपणाचं टोक बघायचं असेल तर एसी/डीसीचा फिल रड. १९८० चा 'बॅक इन ब्लॅक' लाव. त्यात तुला न जमणारं असं काहीच नाही, आणि तरी तुझ्याकडून तसं वाजणार नाही. 'फिल', म्हणजे ठेका सोडून दोन ओळींमध्ये भरायचा छोटा तुकडा, जिथं हमखास यावा वाटतं तिथं रड तो देत नाही. माझे काही जॅझवाले दोस्त हा माणूस ड्रमर धरत नाहीत. मी त्यांना एकदा त्याच लयीत पाच मिनिटं किकच्या एकाही ठोक्याची भर न घालता वाजवायला सांगतो, मग विषय संपतो.

बीटल्सच्या रिंगोबद्दल एवढंच : डावखुरा माणूस उजव्यांसाठी मांडलेल्या सेटवर बसायचा, त्यामुळं त्याचे फिल वेगळ्याच वळणानं जातात आणि नक्कल करताना हात अडकतात. 'कम टुगेदर'चा टॉमवरचा ठेका काढून टाक आणि गाणं गाऊन बघ. रॉक ड्रमर तपासायची माझी कसोटी हीच. ठेका काढला, बदलला, दुसऱ्याचा बसवला, तर गाणं तेच राहतं का? राहत असेल तर ड्रमर चांगला असेल, मोठा नाही. जॅझला ही कसोटी लावू नकोस. तिथं एकच धून रोज वेगळी वाजणं हाच तर धंदा आहे.

आता तुझा गिटारवाला म्हणेल, मग मिच मिचेल? जिंजर बेकर? बरोबर, हे कुंपणावरचे लोक आहेत. मिचेलवर जॅझ ड्रमर एल्विन जोन्सचा ठसा स्पष्ट आहे. सॅक्सोफोनवाल्या कोल्ट्रेनमागं एल्विन जसा तिहेरी लाटांत वाजवायचा तशा लाटा मिचेलनं जिमी हेंड्रिक्समागं उठवल्या. ते खपलं, कारण बँडमध्ये तिघंच, आणि हेंड्रिक्स स्वतः जॅझवाल्यासारखा उत्तराला उत्तर देणारा. तेच वाजवणं एसी/डीसीत घाल, गाणं दोन मिनिटांत कोसळेल. बेकर स्वतःला जॅझवालाच म्हणवायचा, आणि मला तो तसाच वाटतो : मोठ्या अँप्लिफायरांच्या गराड्यात सापडलेला जॅझ ड्रमर. त्याचा क्रीम हा बँड १९६६ ते १९६८ एवढाच टिकला. तिघंही एकाच वेळी बोलायचे. ऐकायला थरार, पण तुझ्या बँडनं तो आदर्श ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. (मेटलवाल्यांचं लाडकं दुहेरी बास ड्रम प्रकरणही जॅझमधूनच आलंय. ड्यूक एलिंग्टनकडं वाजवलेल्या लुई बेलसननं ते रूढ केलं. हे ऐकून काही मेटलवाल्यांचा चेहरा पडतो, मला मजा वाटते.)

जाण्या-येण्याची वाट दुतर्फा होती. टोनी विल्यम्स १९६३ मध्ये माइल्स डेव्हिसकडं आला तेव्हा १७ वर्षांचा होता. १९६९ मध्ये त्यानं लाइफटाइम हा स्वतःचा बँड काढला, जॉन मॅक्लॉफ्लिनची कडक गिटार घेऊन. जॅझमध्ये त्याच्या वर कुणी राहिलं नव्हतं, तरी त्याला रॉकचं वजन हवंसं वाटलं. उलट्या दिशेनं रश बँडचा नील पिअर्ट. रॉकमध्ये ज्याच्या नावानं पोरं पेटतात, तो १९९० च्या दशकात बडी रिचच्या गौरवाच्या कार्यक्रमात बिग बँडबरोबर वाजवायला बसला, आणि नंतर फ्रेडी ग्रूबर ह्या जुन्या गुरूकडं चक्क विद्यार्थी म्हणून गेला. स्टिक धरायची पद्धत बदलली, हात कसे हलतात ते पुन्हा पहिल्यापासून बघितलं. तेवढ्या उंचीवरच्या माणसालाही स्विंग आयता मिळाला नाही. तसंच जॅझवाल्याला रॉकचा ठेकाही आयता मिळत नाही. फरक एवढाच की न जमलेला स्विंग लगेच कळतो, आणि न जमलेला रॉक "बरा वाजतोय की" म्हणून खपून जातो. तुझ्या गिटारवाल्याचा गैरसमज बहुधा इथूनच आलाय.

जॅझचं बारीक काम रॉकच्या पोटात कसं लपतं ते ऐकायचं तर टोटोचा जेफ पोरकारो, १९८२ चं 'रोझाना'. अर्ध्या चालीचा शफल आहे, ड्रमर बर्नार्ड पर्डीच्या वळणाचा, त्यात बॉनहॅमची किक. बॅकबीट तिसऱ्या मात्रेवर एकच, दणदणीत. बाकी स्नेअरवर डावा हात सतत काहीतरी पुटपुटतोय, ज्याला घोस्ट नोट म्हणतात. स्टिक पानापासून बोटभर उंचीवरून पडते. मोठा फटका आणि पुटपुट यांतलं अंतर जितकं जास्त तितका ठेका खोल. तबल्यावर दाबलेले अक्षर आणि खुलं अक्षर यांचा तुझा रियाझ इथं थेट कामाला येईल. फक्त वेग कमी ठेव, ६० ला सुरू कर. ८० ला गेल्यावर पुटपुटीचा आवाज चढला तर परत खाली ये.

रियाझ काय करायचा? मोबाइल सेटपासून लांब, खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवून रेकॉर्ड कर. हेडली ग्रेंजचा जिना सगळ्यांना मिळत नाही, पण लांबचा एक माइक खरं बोलतो. एक साधा ठेका, मेट्रोनोमवर, एकही फिल नाही, चार मिनिटं. ऐकताना आधी फक्त स्नेअर ऐक : प्रत्येक फटका रिम आणि पान दोन्हींवर एकदम लागलाय की काही नुसते पानावर गेलेत? मग फक्त हाय-हॅट. मग किक आणि बासगिटार एकत्र पडतात का ते. पुढच्या वेळी मेट्रोनोम अर्धा कर, म्हणजे टिक फक्त दुसऱ्या-चौथ्या मात्रेला. मग आणखी अर्धा, आवर्तनात एकदाच. टिक नसलेल्या जागेत तुझी लय पळते की मागं पडते ते तुला एका बैठकीत कळेल. आपली बहुतेक पोरं पळतात, विशेषतः फिल संपवून समेवर येताना.

जॅझ शीक का, असंही तुझ्या मनात असेल. शीक, जरूर शीक. राइडचा हात, हाय-हॅटचा पाय आणि मुख्य म्हणजे हळू आवाजात लय न सोडणं, हे जॅझइतकं कुणी शिकवत नाही. मॅक्स रोच ऐक, एल्विन ऐक, टोनी विल्यम्सचे माइल्सबरोबरचे दिवस ऐक. मात्र बँडच्या तालमीला येताना त्यातलं नव्वद टक्के घरी ठेवून ये. गाण्याला लागेल तेवढंच आण.

आणि कानात प्लग घालून बस. तालमीची खोली दहा बाय बाराची असेल तर रिमशॉटचा (रिम आणि पान एकदम लागलेल्या फटक्याचा) आवाज भिंतीवरून परत तुझ्याच कानात येतो. चिमटीत दाबून बसवायचे साधे फोमचे प्लगही चालतात. पहिले दोन-तीन दिवस आपण पाण्याखालून वाजवतोय असं वाटेल, मग किक जास्त स्वच्छ ऐकू यायला लागेल. ५बी जाडीची स्टिक ठेव. बारीक ७ए नं बॅकबीटला वजन येत नाही आणि जाड २बी नं तुझा डावा हात पुटपुटायचं विसरेल.